वर्डमध्ये तक्ता: बचत गटाच्या हिशेबापासून पूरपातळीच्या पत्रकापर्यंत

सांगली, मिरज, तासगाव, कुठल्याही टायपिंगच्या दुकानात एक कागद हटकून येतो. सभासदांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येक नावापुढे स्पेसबार दाबत दाबत नेऊन टाकलेले आकडे. स्क्रीनवर रांग सरळ दिसते. प्रिंट काढली, किंवा फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, की रांग मोडते आणि एकीच्या नावापुढे दुसरीचा हप्ता दिसायला लागतो. हा हिशेब शेतात, शिलाई मशीनवर, हळदीच्या गिरणीत राबून जमवलेल्या पैशाचा असतो. तो एका ओळीने घसरून चालत नाही.

त्यावरचा उपाय अवघड नाही. वर्डमध्ये तक्ता, म्हणजे टेबल, घालायला शिका. बचत गटाच्या सचिव, सोसायटीचं कागदपत्रांचं काम अंगावर घेतलेले, प्रकल्प अहवाल लिहिणारे विद्यार्थी, एमएस-सीआयटी झालंय पण हात बसलेला नाही असे सगळे, अशांसाठी हे लिहितो आहे. उदाहरण म्हणून एक बचत गट धरू: बारा सभासद, हळद पावडर आणि बेदाण्याचं पॅकिंग, महिन्याच्या बैठकीचं पत्रक. अधूनमधून पावसाळ्यातल्या पाणीपातळीच्या पत्रकाकडेही वळू, कारण कृष्णाकाठी तो तक्ता सगळ्यांच्याच हातात येतो.

तीन शब्द आधी पक्के करा. उभी पट्टी म्हणजे रकाना किंवा कॉलम, आडवी म्हणजे ओळ किंवा रो, आणि दोन्ही जिथे भेटतात तो चौकोन म्हणजे सेल.

आधी पाठकोरा कागद

वर्ड उघडण्याआधी पाठकोऱ्या कागदावर तक्ता हाताने आखा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. कागदावर स्वतःला विचारा, हा तक्ता कोण वाचणार आणि त्याला त्यात काय शोधायचं आहे? सभासदाला आपलं नाव शोधून या महिन्यात किती भरले ते बघायचं असतं. कर्ज देणाऱ्या बँकेला हप्ते नियमित आहेत का, हे बघायचं असतं. ग्रामसंघात पत्रक गेलं, तर तिथे एकूण बचत बघतात. या तीन गरजांतून रकाने आपोआप ठरतात: अ. क्र., सभासदाचे नाव, बचत, कर्जहप्ता, व्याज, एकूण, सही. सात रकाने. ओळी किती? बारा सभासद, वर एक शीर्षकाची, खाली एक बेरजेची, अशा चौदा.

आता नियम एकच, पण तो काटेकोर पाळा: एका सेलमध्ये एकच गोष्ट. ‘२०० बचत + ५०० हप्ता’ असं एका सेलमध्ये लिहिलंत, की त्याची ना बेरीज होते ना तुलना. एकक, म्हणजे रुपये, किलो, फूट, हे वर शीर्षकात एकदा लिहा, प्रत्येक आकड्यापुढे नको.

पाणीपातळीच्या पत्रकात हा नियम मोडला तर खरंच नुकसान होतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी फूट आणि इंचांत सांगतात. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. आता ४२ फूट ६ इंच कुणी ‘४२.६’ असं लिहिलं, तर ते चूक आहे, कारण ६ इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणजे ४२.५. आणि ४२ फूट १० इंचांचं ‘४२.१०’ झालं, तर वाचणाऱ्याला ते ४२.६ पेक्षा कमी वाटतं. पाणी चार इंचांनी चढलेलं असतं आणि कागद ते उतरलं असं सांगतो. म्हणून फूट आणि इंच असे दोन वेगळे रकाने करा. हीच गोष्ट धरणाच्या आकड्यांची. कोयनेचा साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, येतो, आणि धरणाची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. विसर्ग मात्र क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं ते. साठा आणि विसर्ग एका रकान्यात घालू नका, आणि शीर्षकात एकक लिहायला विसरू नका.

तक्ता घालणं

कर्सर हवा तिथे ठेवा. वरच्या पट्टीत इन्सर्टवर जा, टेबलवर क्लिक करा. चौकोनांची जाळी उघडते. माउस फिरवून हवे तेवढे चौकोन निवडले की तक्ता तयार. या जाळीत जास्तीत जास्त दहा रकाने आणि आठ ओळी बसतात. आपल्याला चौदा ओळी हव्यात, म्हणून जाळीखालचं ‘इन्सर्ट टेबल’ निवडा, छोटी खिडकी उघडेल, तिथे रकाने ७ आणि ओळी १४ असं लिहून ओके करा. ‘ड्रॉ टेबल’ म्हणून पेन्सिलने आखायचीही सोय आहे. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये, रेघा वेड्यावाकड्या येतात आणि पुढे निस्तरता येत नाहीत.

तक्त्याचं नाव, म्हणजे ‘माहे जुलै, मासिक बैठक पत्रक’ वगैरे, तक्त्याच्या बाहेर वर साध्या ओळीत लिहा. बरेच जण पहिली ओळ पूर्ण जोडून तिच्यात नाव टाकतात. दिसायला बरं वाटतं, पण पुढे शीर्षक प्रत्येक पानावर आणताना आणि क्रम लावताना ती जोडलेली ओळ आडवी येते. कोऱ्या पानावर अगदी सुरुवातीलाच तक्ता घातला आणि आता वर नाव लिहायला जागाच नाही असं झालं, तर पहिल्या सेलच्या सुरुवातीला कर्सर ठेवून एंटर दाबा. तक्ता खाली सरकतो आणि वर एक मोकळी ओळ मिळते.

लांबलचक मजकूरही सेलमध्ये कोंबू नका. समजा, गटाच्या हळद पावडरीचं दरपत्रक करताय. वजन आणि किंमत तक्त्यात जाईल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही गिऱ्हाइकाला सांगण्यासारखी गोष्ट आहे, पण तिची जागा तक्त्यावरच्या परिच्छेदात.

भरताना हात कसा चालवायचा

पुढच्या सेलमध्ये जायला टॅब दाबा. मागे यायला शिफ्ट आणि टॅब. एंटर दाबला तर त्याच सेलमध्ये नवी ओळ होते आणि सेल उंच होतो, म्हणून एंटरला हात लावू नका. शेवटच्या सेलमध्ये असताना टॅब दाबला की खाली आपोआप नवी ओळ तयार होते. गटात नवी सभासद आली तर मात्र बेरजेच्या ओळीच्या वर ओळ हवी. तिथे शेवटच्या सभासदाच्या ओळीवर उजवं क्लिक करून इन्सर्टमधून ‘इन्सर्ट रोज बिलो’ घ्या. वर्डच्या २०१३ पासूनच्या आवृत्त्यांत आणखी सोपं आहे. दोन ओळींच्या मधल्या रेघेवर, डाव्या काठाला माउस नेला की अधिकचं छोटं चिन्ह दिसतं, त्यावर क्लिक केलं की मध्ये ओळ येते.

ओळ वरखाली हलवायची असेल तर कापाकापी करू नका. त्या ओळीत कर्सर ठेवून शिफ्ट आणि अल्ट दाबून वरचा किंवा खालचा बाण दाबा, अख्खी ओळ सरकते.

काढून टाकताना एक फरक ध्यानात ठेवा. अख्खा तक्ता निवडून डिलीट दाबलं तर आतला मजकूर जातो, चौकटी राहतात. बॅकस्पेस दाबलं तर तक्ताच जातो. पुढच्या महिन्यासाठी जुना तक्ता रिकामा करताना यातला एक तुमच्या कामाचा आणि दुसरा घाम फोडणारा. चुकून गेलंच तर लगेच कंट्रोल आणि झेड.

अनुक्रमांक हाताने लिहू नका. पहिल्या रकान्यातले बारा सेल निवडा आणि होम पट्टीतलं नंबरिंगचं बटण दाबा. आकडे आपोआप बसतात, मधली ओळ काढली तरी पुढचे आकडे स्वतःच सुधारतात.

रकान्यांची रुंदी

इथे थोडा वेळ द्या, कारण तक्ता वाचता येतो की नाही हे रंगांपेक्षा रुंदीवर ठरतं. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. वर्ड नेहमीच्या मांडणीत दोन्ही बाजूंना २.५४ सेंटिमीटर समास सोडतो. उरतात साधारण १५.९ सेंटिमीटर. ती जागा सात रकान्यांत वाटायची आहे. वर्ड सगळ्यांना समान वाटणी करतो, पण ‘अ. क्र.’ला आणि नावाला सारखी जागा देण्यात काही अर्थ नाही.

माझी वाटणी अशी असते: अ. क्र. १.२, नाव ३.९, बचत २, हप्ता २, व्याज १.८, एकूण २, सही ३ सेंटिमीटर. बेरीज करून बघा, बरोबर १५.९ येते. सहीला तीन सेंटिमीटर जास्त वाटतील, पण काही सभासद अंगठा देतात आणि अंगठ्याला मोकळी जागा लागते. त्याच कारणाने ओळींची उंचीही निदान एक सेंटिमीटर ठेवा. समास कमी करून जागा वाढवायचा मोह होईल. उजवीकडे करा हवं तर. डावीकडे नको, तिथे फाइलला भोकं पडतात आणि अनुक्रमांक भोकात जातो.

रुंदी देण्यासाठी रकाना निवडा. रकान्याच्या अगदी वर माउस नेला की काळा खालचा बाण दिसतो, तेव्हा क्लिक करा. मग वर लेआउट पट्टीत जा. ही पट्टी कर्सर तक्त्यात असतानाच दिसते, आणि पानाच्या लेआउटची पट्टी वेगळी, ती नव्हे. तिथे रुंदीच्या चौकोनात आकडा टाका.

माउसने रेघ ओढूनही रुंदी बदलते, पण एक सांभाळा. एखादा सेल निवडलेला असताना रेघ ओढली, तर फक्त त्या सेलची रेघ सरकते आणि तक्त्याला दातरे पडतात. ओढण्याआधी कुठेतरी साधं क्लिक करून निवड काढून टाका. दातरे पडलेच, तर पूर्ण रकाना निवडून रुंदीचा आकडा टाकला की रेघ पुन्हा सरळ होते. ओढताना अल्ट दाबून धरलं तर वरच्या पट्टीवर मापं दिसतात.

आणखी एक त्रास: नाव लिहिता लिहिता रकाने आपोआप रुंद-अरुंद होतात. तक्त्यावर उजवं क्लिक, टेबल प्रॉपर्टीज, पहिल्या टॅबमध्ये ऑप्शन्स, आणि तिथली ‘ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स’ची खूण काढा. यानंतर लांब नाव आलं तर ते त्याच सेलमध्ये दुसऱ्या ओळीवर जाईल, शेजारच्या रकान्याची जागा खाणार नाही.

सातपेक्षा जास्त रकाने होत असतील तर पान आडवं करा: पेज लेआउटमधून ओरिएंटेशन, लँडस्केप. दहा-बारा रकाने उभ्या पानात बसवून अक्षर आठ पॉइंटचं करणं हा उपाय नाही. गटातल्या वयस्क बायकांना ते वाचता येत नाही, आणि आपलाच हिशेब वाचता येणं हा त्यांचा हक्क आहे.

मराठी अक्षर आणि कापली जाणारी वेलांटी

इंग्रजीतले धडे हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या अक्षरांना ही अडचण नाही. आपल्या अक्षरावर वेलांटी, मात्रा, रफार येतात, खाली उकार येतात. ओळीची उंची ‘एक्झॅक्टली’ अशी ठरवली की ‘कीर्ती’तली वेलांटी आणि रफार वरून कापले जातात, ‘सुरू’तला उकार खालून. टेबल प्रॉपर्टीजमध्ये रो या टॅबवर जा, उंचीची खूण करा, आकडा टाका आणि शेजारी ‘अ‍ॅट लीस्ट’ निवडा. म्हणजे किमान तेवढी उंची, गरज पडली तर जास्त. परिच्छेदाच्या लाइन स्पेसिंगलाही तोच नियम, ‘एक्झॅक्टली’ नको.

फॉन्ट युनिकोडचाच घ्या: मंगल, निर्मला यूआय, कोकिळा, नोटो सान्स देवनागरी, कोणताही. जुन्या पद्धतीच्या कृतिदेव किंवा श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेला तक्ता तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. बँकेत किंवा पंचायत समितीत फाइल पाठवायची असेल तर हे आधीच बघून घ्या. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडलेला असेल तर विंडोज-की आणि स्पेसबारने भाषा बदलते.

कधी असं होतं की अक्षराचा आकार बदलला, पण इंग्रजी मजकुराचा आकार बदलतो आणि मराठी तसंच राहतं. फॉन्टची पूर्ण खिडकी उघडा, कंट्रोल आणि डी. तिथे लॅटिन लिपीसाठी आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’साठी वेगवेगळे चौकोन असतात. देवनागरी दुसऱ्यात येते. दोन्हीकडे आकार टाका.

डावीकडे, उजवीकडे, मधोमध

नावं डावीकडे, आकडे उजवीकडे, शीर्षकं मधोमध. आकडे मधोमध ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे, ती सोडा. ५०, ५०० आणि ५,००० मधोमध ठेवले तर एककाखाली एकक येत नाही, आणि डोळ्यांनी बेरीज पडताळता येत नाही. उजवीकडे ओढले की एकक, दशक, शतक आपापल्या रांगेत उभे राहतात. लेआउट पट्टीत नऊ छोटी बटणं आहेत, वर-मध्ये-खाली आणि डावी-मध्य-उजवी अशी. ओळ उंच ठेवली आहे म्हणून आकड्यांसाठी मधल्या रांगेतलं उजवं बटण घ्या.

रेघा आणि रंग यांवर फार वेळ घालवू नका. टेबल डिझाइन पट्टीत तयार नमुने भरपूर आहेत. गटाच्या पत्रकाला साधी काळी बारीक रेघ पुरे, शीर्षकाच्या ओळीला फिकट राखाडी छटा आणि ठळक अक्षर, बेरजेच्या ओळीवर जरा जाड रेघ. गडद निळ्यावर पांढरी अक्षरं स्क्रीनवर उठून दिसतात, पण झेरॉक्समध्ये ती पट्टी काळी होते आणि शीर्षक वाचता येत नाही. पूरपत्रकातही धोक्याची ओळ फक्त लाल करून भागत नाही. झेरॉक्स निघाली की लाल आणि काळं सारखंच. ओळ ठळक करा आणि ‘शेरा’ रकान्यात शब्दांत लिहा, ‘इशारा पातळीच्या वर’. इशारा ४० फूट आणि धोका ४५ फूट हे न बदलणारे आकडे प्रत्येक ओळीत नकोत, तक्त्याखाली एकदा लिहा. आणि त्या पत्रकात सगळ्यात ताजी नोंद सगळ्यात वर ठेवा. रात्री मोबाइलवर बघणाऱ्याला आत्ताची पातळी हवी असते, त्याला आधी चार दिवसांचा इतिहास ओलांडायला लावू नका.

तक्ता दुसऱ्या पानावर गेला तर

बारा सभासदांचं पत्रक एका पानात मावतं. वर्षाचा हिशेब किंवा ग्रामसंघातल्या सगळ्या गटांची यादी मावत नाही. दुसऱ्या पानावर नुसते आकडे दिसतात, आणि कुठला रकाना व्याजाचा ते कळत नाही. शीर्षकाची ओळ निवडा, लेआउट पट्टीत उजव्या टोकाला ‘रिपीट हेडर रोज’ आहे, ते दाबा. आता प्रत्येक पानावर शीर्षक आपोआप येईल. दुसऱ्या पानावर हाताने शीर्षक लिहून ठेवू नका, वर एक ओळ वाढली की ते पानाच्या मध्ये येऊन बसतं.

बटण दाबूनही शीर्षक येत नसेल तर दोन कारणं तपासा. एक, तक्त्याच्या मध्ये तुम्ही स्वतः पानतोड घातली आहे. शीर्षक फक्त आपोआप पडणाऱ्या पानतोडीनंतर येतं. दोन, तक्ता कोपऱ्यातल्या खुणेने धरून ओढला गेला आहे. तसं केलं की वर्ड त्याला मजकुरात तरंगता करतो. टेबल प्रॉपर्टीजमध्ये ‘टेक्स्ट रॅपिंग’ खाली ‘नन’ निवडा. दोन ओळींचं शीर्षक असेल तर पहिल्या ओळीपासून दोन्ही निवडून मगच बटण दाबा.

त्याच प्रॉपर्टीजमध्ये रो टॅबवर ‘अलाऊ रो टू ब्रेक अ‍ॅक्रॉस पेजेस’ची खूण काढून टाका. नाहीतर एकाच सभासदाचं नाव या पानावर आणि आडनाव पुढच्या पानावर जाऊ शकतं. बेरजेची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाऊन पडत असेल, तर तिच्या आधीच्या दोन ओळी निवडा, परिच्छेदाच्या खिडकीत ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’मध्ये जाऊन ‘कीप विथ नेक्स्ट’ची खूण करा. मग त्या ओळी बेरजेला सोडत नाहीत.

प्रिंट काढताना शेवटी एक कोरं पान येतं, अशी तक्रार फार ऐकू येते. त्याचं कारण असं की वर्ड तक्त्यानंतर एक रिकामा परिच्छेद ठेवतोच, तो पुसता येत नाही. तक्ता पानाच्या तळाला टेकला की तो परिच्छेद पुढच्या पानावर जातो. तक्त्याखाली क्लिक करून त्या रिकाम्या परिच्छेदाचा फॉन्ट आकार १ करा आणि परिच्छेदाचं अंतर शून्य करा. पान वाचतं.

बेरीज

बेरजेच्या सेलमध्ये कर्सर ठेवा, लेआउट पट्टीत ‘फॉर्म्युला’ दाबा. वरच्या सेलांत आकडे असले की वर्ड स्वतःच त्यांच्या बेरजेचं सूत्र लिहून देतो, तुम्ही फक्त ओके करा. तीन पथ्यं पाळा. बेरीज मशीनकडून करून घ्यायच्या रकान्यात आकडे इंग्रजी अंकांत टाका. रिकामा सेल ठेवू नका, हप्ता भरला नसेल तर शून्य लिहा. आणि शीर्षकात वर्षाचा आकडा लिहू नका, तोही बेरजेत धरला जाऊ शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं, वर्डमधली बेरीज आपोआप बदलत नाही. वरचा आकडा सुधारलात तरी खाली जुनीच बेरीज राहते. बेरजेवर क्लिक करून एफ ९ दाबा, तेव्हा ती नवी होते. पत्रकावर सह्या घेण्याआधी अख्खा तक्ता निवडून एकदा एफ ९ दाबायची सवय लावा, आणि कॅल्क्युलेटरवर ताळा करा. दर आठवड्याला हिशेब बदलत असेल, व्याज काढायचं असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की ते काम एक्सेलमध्ये करा आणि तयार आकडे वर्डच्या पत्रकात आणा. वर्ड पत्र आणि पत्रकासाठी चांगला, हिशेबासाठी तो केलेला नाही.

नावं अकारविल्हे लावायची असतील तर फक्त सभासदांच्या ओळी निवडा, लेआउटमधलं ‘सॉर्ट’ घ्या. बेरजेची ओळ निवडीत आली तर ‘एकूण’ हा शब्दही सभासद समजून नावांत मिसळतो.

आधीच स्पेस मारून टाइप केलेली यादी

जुनी यादी परत टाइप करायची गरज नाही. प्रत्येक ओळीत दोन गोष्टींच्या मध्ये एकच टॅब किंवा स्वल्पविराम राहील असं करून घ्या. मधली स्पेसची रांग ‘फाइंड अँड रिप्लेस’ने काढता येते: दोन स्पेस शोधा आणि त्याजागी एक स्पेस टाका, पुन्हापुन्हा, संपेपर्यंत. मग आकड्यांआधी टॅब मारा. आकड्यांत हजाराचा स्वल्पविराम असेल तर विभागणीसाठी स्वल्पविराम वापरू नका, नाहीतर ‘१,२००’चे दोन सेल होतात. मग सगळी यादी निवडून इन्सर्ट, टेबल, ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल’. खिडकीत रकान्यांचा आकडा तुमच्या अपेक्षेइतका आहे का ते बघा. जास्त दाखवत असेल तर कुठल्यातरी ओळीत जादा टॅब आहे, रद्द करून ती ओळ शोधा.

वर्ड नसेल तर

लिबरऑफिस फुकट मिळतं आणि त्यातलं रायटर तक्त्यांना उत्तम आहे. तिथे तक्त्यासाठी स्वतंत्र ‘टेबल’ मेन्यू आहे, कंट्रोल आणि एफ १२ दाबलं की तक्ता घालायची खिडकी येते, आणि शीर्षक प्रत्येक पानावर आणायची खूण तिथेच आहे. सेलमध्ये बरोबरचं चिन्ह टाइप केलं की सूत्राची पट्टी उघडते. मराठीसाठी टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या भागात जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी मराठी निवडून ठेवा. फक्त मोबाइल असेल तर गुगल डॉक्समध्येही इन्सर्टमधून तक्ता घालता येतो. दोन-तीन रकान्यांच्या यादीला ते ठीक. सात रकाने मोबाइलवर भरायला गेलात तर चूक होणारच, ते काम कॉम्प्युटरवर ठेवा.

पाठवताना आणि पुढच्या महिन्यासाठी

व्हॉट्सअ‍ॅपवर वर्डची फाइल पाठवू नका, समोरच्याकडे फॉन्ट आणि रेघा सरकतात. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये जाऊन पीडीएफ करा आणि ती पाठवा. ज्यात दुरुस्ती करायची ती वर्डची फाइल मात्र स्वतःकडे जपून ठेवा, पीडीएफमध्ये नाव दुरुस्त करणं कटकटीचं असतं.

तक्ता एकदा मनासारखा झाला की आकडे आणि सह्यांचे रकाने रिकामे करून, नावं तशीच ठेवून, ‘कोरा नमुना’ या नावाने वेगळी प्रत ठेवा. दर महिन्याला तीच उघडायची आणि काही भरण्याआधीच नव्या नावाने सेव्ह करायची. नावात आधी वर्ष, मग महिन्याचे दोन अंक लिहा, ‘बैठक २०२५-०७’ असं. म्हणजे फोल्डरमध्ये पत्रकं आपोआप महिन्यांच्या क्रमाने लागतात, आणि लेखापरीक्षणाला मागितलेलं पत्रक लगेच सापडतं.